आमच्या म्हशीचा दगड होईल का?

सर, नमस्कार. पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. जीवाश्मांचा भाग आला तेव्हा फळ्यावर आकृती काढून समजावलं. तेवढ्यात एक मुलगा उठला, "बाई, मागच्या साली आमची म्हैस मेली, नदीकडच्या मळीत पुरलीय. तिचा दगड होईल का?" वर्ग हसला. मीही 'खाली बस' म्हणून पुढं गेले, पण खरं म्हणजे मला उत्तर येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका मुलीनं घरचा शाळिग्राम आणला. त्यावरचं चक्र बघून मी म्हणाले, हा तर जीवाश्म आहे. तिसऱ्या दिवशी तिची आजी शाळेत हजर, "आमच्या देवाला गोगलगाय म्हणता व्हय?" मुलं विचारतात, आपल्या डोंगरात जीवाश्म का सापडत नाहीत? शाळेकडं तीन हजार रुपये आहेत. ऑनलाइन जीवाश्मांचा संच मिळतो, तो घ्यावा का? की हा विषय आता इथंच थांबवावा?
— एक विज्ञान शिक्षिका

ताई, थांबवू नका. तीन दिवसांत तुमच्या वर्गात जे घडलं, तसं घडावं म्हणून आम्ही शिक्षक वर्षानुवर्षं वाट बघतो. देवघरातला दगड वर्गात आला, आजी शाळेत आली आणि एका पोरानं स्वतःच्या रानातला प्रश्न विचारला. मी भूशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली, पण म्हशीचा प्रश्न मला कधी कुणी विचारला नाही. तिथूनच सुरू करू.

फळ्यावर आपण सगळेच चार चौकटी काढतो: प्राणी मेला, गाळात पुरला, दगड झाला, माणसाला सापडला. मीही बरीच वर्षं तेच काढत होतो. त्या चौकटींत एक मोठी चूक दडलेली असते. मुलांना वाटतं, मेलेलं सगळं यथावकाश दगड होतं. प्रत्यक्षात मेलेलं जवळजवळ सगळं कुजतं, खाल्लं जातं, विरघळतं आणि पुन्हा मातीत मिसळतं. तसं झालं नसतं, तर कृष्णाकाठी नांगर घालायला जागा उरली नसती. कुजणं हा नियम आहे आणि जीवाश्म हा त्याला पडलेला अपवाद. म्हणून धड्याची सुरुवात 'जीवाश्म कसा तयार होतो' इथून न करता 'सहसा का तयार होत नाही' इथून करा.

आता म्हैस. गुरं पुरताना खड्ड्यात मीठ टाकतात, हे मुलांना माहीत असतं. मांस काही आठवड्यांत-महिन्यांत जातं, हाडं राहतात. काळ्या रानात पुरली असती तर ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि या ओढाताणीत हाडांचे तुकडे होतात. मुळं शिरतात, कुत्री उकरतात, ट्रॅक्टरचा फाळ लागतो. पण त्या पोरानं सांगितलंय 'मळीत'. मळी म्हणजे नदीनं आणून टाकलेला गाळ. तिथं शक्यता किंचित वाढते, कारण पुढचा पूर त्यावर आणखी गाळ चढवतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ओसरल्यावर घराघरांत किती गाळ निघाला, हे तुमच्या वर्गातल्या मुलांनी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. 'झटपट गाडलं जाणं' ही पुस्तकातली अट तुमच्या गावात वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरी अट हवेची. यासाठी सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं आठवा. जमिनीखालच्या त्या खोल खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही, कारण आतल्या हवेत प्राणवायू फारसा उरायचा नाही. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे, गुदमरायची भीती. किडीला, बुरशीला आणि बऱ्याचशा जिवाणूंना लागणारा प्राणवायू तोडला की कुजणं मंदावतं. तळ्याच्या तळाशी बारीक चिखलात गाडलेल्या पानाचं हेच होतं. २००५ च्या पुरात यातल्या कितीतरी पेवांत पाणी शिरलं. वर्गातल्या एखाद्याच्या आजोबांनी पेव वापरलेलं असेल तर त्यांनाच बोलवा, तुमचा अर्धा तास ते तुमच्यापेक्षा चांगला घेतील.

पण पेवातली हळद टिकते, तिचा दगड होत नाही. तिसरी गोष्ट लागते ती क्षारांच्या पाण्याची. बोअरचं पाणी तापवून बंबाच्या आत जो पांढरा कडक थर धरतो, तो मुलांना दाखवा. नितळ दिसणाऱ्या पाण्यात दगड विरघळलेला असतो, हे त्यांना पटलं पाहिजे. हाड बाहेरून भरीव दिसतं, पण आतून जाळीदार असतं. जमिनीतलं पाणी त्या जाळीत झिरपतं, मागं खनिज ठेवतं, पुन्हा झिरपतं. हजारो-लाखो वर्षांत सारी पोकळी भरून जाते आणि कधी मूळ पदार्थाचीही जागा खनिज घेतं. 'हाडाचा दगड झाला' असं आपण म्हणतो तेव्हा खरं म्हणजे हाडाच्या आराखड्यावर दगड भरला गेलेला असतो. म्हणून अश्म झालेल्या लाकडात झाडाची वलयंसुद्धा मोजता येतात.

आता त्या मुलाला सांगा, असं तुमच्याच नदीच्या खोऱ्यात घडलेलं आहे. मिरजेहून बेळगावच्या रेल्वेनं निघालं की गोकाक रोड स्टेशन लागतं. गोकाकजवळ घटप्रभेच्या खोऱ्यातल्या गाळात रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञांना गेंड्याचे अवशेष सापडले. १८७४ मध्ये त्यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव दिलं ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस, दख्खनचा गेंडा. घटप्रभा पुढे कृष्णेलाच मिळते. म्हणजे हिमयुगाच्या काळात आपल्या खोऱ्यात गेंडे चरत होते आणि त्यांतला एक मेला तो नेमका गाळात. त्याच्यासारखे किती गेंडे मेले असतील आणि त्यांचा मागमूसही उरला नसेल! म्हशीचं उत्तर म्हणून असं द्या: बहुधा नाही, कारण नदी आपलाच काठ पुन्हा कापून नेते आणि अवघड अटी एकामागून एक जुळाव्या लागतात. पण तू जागा बरोबर धरलीस. ही दोन वाक्यं वर्गासमोर म्हणा. ज्या मुलावर वर्ग हसला, त्याला ती सगळ्यांदेखत मिळायला हवीत.

हे नुसतं सांगून भागणार नाही, करून दाखवायला हवं. शाळेच्या मागं दोन कुंड्या ठेवा. एकीत साधी बागेतली माती, अधूनमधून हलवत राहायची. दुसरीत नदीचा बारीक गाळ गच्च भरून वर सतत पाणी उभं ठेवायचं. दोन्हींत त्याच वस्तू पुरा: पिंपळाचं पान, केळीची साल, नदीकाठचा शिंपला, गोगलगाईचा शंख, उसाच्या पाचटाचा तुकडा. प्रत्येकानं आधी वहीत लिहायचं की दोन महिन्यांनी काय उरेल. जून संपताना पुरलं तर गणपतीच्या सुट्टीआधी उकरता येईल. शिंपला दोन्हीकडं राहील आणि निदान बागेच्या मातीतली केळीची साल गेलेली असेल. पानाचं काय होतं ते बघण्यासारखं असतं, कधी नुसती शिरांची जाळी हाती येते. जगभरच्या जीवाश्मांत शिंपले-शंखांचा एवढा भरणा का आणि मऊ शरीराचे जीव एवढे विरळ का, हे त्यानंतर तुम्हाला सांगावं लागणार नाही.

खनिज भरण्याचा प्रयोग स्पंजवर करतात. तुम्ही वाळलेलं घोसाळं घ्या, अंग घासायला वापरतात ते. ती वनस्पतीचीच जाळी आहे, त्यामुळं मुद्दा जास्त नेमका पोचतो. आधी वजन करा. मीठ विरघळायचं थांबेपर्यंत दाट पाणी करून त्यात दोन-तीन दिवस बुडवा, मग उन्हात खडखडीत वाळवा आणि पुन्हा वजन करा. घोसाळं कडक आणि जड झालेलं असेल, आकार मात्र घोसाळ्याचाच. ठसा आणि प्रतिकृती यांतला फरक दाखवायला शाडूची माती आणि प्लास्टर ऑफ पॅरिस पुरतं. शिंपला दाबून काढला की ठसा, त्यात प्लास्टर ओतून सुटलं की शिंपल्याची प्रतिकृती. हे मुलं स्वतः करतील, त्यावर फार वेळ घालवू नका.

आता डोंगराचा प्रश्न. सागरेश्वरचा डोंगर, दंडोबा, अजिंक्यतारा, सज्जनगड, थेट महाबळेश्वरपर्यंतचा सारा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून तो पुन्हापुन्हा वर आला आणि थरावर थर चढले. महाबळेश्वरच्या परिसरात या थरांची मिळून जाडी हजार मीटरपेक्षा जास्त भरते आणि आज उरलेला पसाराच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे. अकराशे-बाराशे अंश तापलेल्या रसात पान काय आणि हाड काय टिकणार? जीवाश्म गाळाच्या खडकात सापडतात आणि आपला डोंगर अग्निजन्य आहे. मुलांच्या घरातली शहाबादी फरशी मात्र गाळाचा खडक आहे. तिच्या शेजारी काळा दगड ठेवा आणि भिंगातून दोन्ही बघू द्या.

पण इथंच थांबलात तर निम्मी गोष्ट राहील. लाव्हा सलग आला नाही. दोन उद्रेकांच्या मधे कधीकधी इतका काळ गेला की खडकाची माती झाली, झाडं आली, तळी साचली. खंबाटकीच्या कापलेल्या कड्यात किंवा कुंभार्ली घाटात नजर टाकली की काळ्या थरांच्या मधे कुठं कुठं विटकरी-लाल पट्टा दिसतो. ती जुन्या लाव्हाची झालेली माती, वरून नवा लाव्हा आल्यावर भाजलेली. विदर्भात, मध्य प्रदेशात आणि मुंबईत अशा मधल्या काळातल्या तळ्यांचा गाळ टिकला आणि त्यात जीवाश्म सापडले. वरळीच्या टेकडीतल्या छोट्या बेडकाचं वर्णन १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी केलं, 'डायनासोर' हा शब्द घडवणारे तेच. मध्य प्रदेशातल्या घुघुआला तर अशा काळातल्या झाडांचं राष्ट्रीय उद्यान आहे. आणि लाव्हाच्या थरांखालच्या गाळात, चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला, डायनासोरांची हाडं आणि त्यांच्या काळची अश्म झालेली विष्ठाही मिळते. विष्ठेचाही जीवाश्म होतो हे सांगितलंत की मागच्या बाकांवरचीही मान वर होईल. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण सापडले आणि डायनासोरांच्या काळात गवत होतं हे त्यावरून कळलं.

मुलं डोंगरातून काय काय आणतील त्याचीही तयारी ठेवा. गोल धोंडा, कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा, 'डायनासोरचं अंडं' म्हणून येईल. तो काळा पाषाणच असतो, ऊनपावसानं कडा झिजून गोल झालेला. पोकळीत पांढरे स्फटिक भरलेला दगड 'हाड' म्हणून येईल. ते लाव्हातल्या वायूचे बुडबुडे, नंतर खनिजांनी भरलेले. झाडाच्या फांदीसारखी काळी नक्षी असलेला दगड आला तर तीही मँगनीजच्या खनिजाची रांगोळी असते, वनस्पती नव्हे. यातलं काहीही आणलं तरी 'हे नाही' म्हणून टाकून देऊ नका. ओळखायचं कसं, ते त्यालाच शोधू द्या.

एक गोष्ट मात्र मुद्दाम पक्की करून घ्या, कारण इथं मी स्वतः मुलांच्या चुका वर्षानुवर्षं तपासल्या आहेत. दहावीच्या पुस्तकात कार्बनी वयमापन येतं आणि मुलं परीक्षेत डायनासोरचं वय कार्बननं काढून मोकळी होतात. मेलेल्या जीवाच्या अवशेषांतला किरणोत्सारी कार्बन, म्हणजे कार्बन-१४, दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो. ज्वारीचे १०२४ दाणे मोजा आणि दर खेपेला निम्मे बाजूला काढा. दहाव्या खेपेला एकच दाणा उरतो, आणि तेव्हा झालेली असतात फक्त ५७,३०० वर्षं. साधारण पन्नास हजार वर्षांपलीकडं ही पद्धत हात टेकते. मग ६.६ कोटी कशावरून आले? लाव्हावरून. वितळलेला खडक थिजतो तेव्हा त्यातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांचं, उदाहरणार्थ पोटॅशियमचं, घड्याळ नव्यानं सुरू होतं आणि ते कोट्यवधी वर्षं चालतं. वरळीचा बेडूक लाव्हाच्या थरांमधे सापडला म्हणून त्याचा काळ कळला. आपल्या डोंगरात जीवाश्म नसतील, पण जीवाश्मांच्या तारखा याच काळ्या दगडातून निघतात. हे ऐकून तुमची मुलं डोंगराकडं वेगळ्या नजरेनं बघतील, याची मला खात्री आहे.

या आकड्यांची जाण नुसत्या शून्यांनी येत नाही. मैदानावर दोर लावा. एक मिलिमीटर म्हणजे हजार वर्षं. १६७४ चा राज्याभिषेक दोराच्या टोकापासून अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येतो. आपल्यासारखा माणूस, साधारण तीन लाख वर्षं, म्हणजे एक फूटपट्टी. आपला डोंगर ६६ मीटरवर. शाळिग्राम तर सुमारे दीडशे मीटरवर, बहुतेक शाळेच्या फाटकाबाहेर. तिथं एका मुलीला उभं करा आणि मग आत या.

आता त्या शाळिग्रामाबद्दल. तुम्ही जे म्हणालात ते बरोबर आहे. चक्र असलेला अस्सल शाळिग्राम म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री जीवाचा जीवाश्म. तो गोगलगाय नव्हे, कोकणात मिळणाऱ्या माकुळाचा लांबचा नातेवाईक. हिमालय उभा राहण्यापूर्वी तिथं टेथिस समुद्र होता, त्याच्या तळच्या काळ्या चिखलात हे जीव गाडले गेले. पुढं भारताचा भूखंड उत्तरेला धडकला, समुद्राचा तळ उचलला गेला आणि नेपाळात गंडकी नदी त्यातले गोटे खाली आणू लागली. आणखी एक दुवा मुलांना आवडेल: आपला डोंगर घडत होता त्याच सुमाराला अमोनाइट जगातून नाहीसे झाले, डायनासोरांबरोबरच. त्यात मेक्सिकोजवळ आदळलेल्या अशनीचा वाटा किती आणि आपल्या लाव्हाचा किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे.

पण आजी रागावल्या त्या केवळ जीवाश्म या शब्दावर, असं मला वाटत नाही. देव न विचारता देवघराबाहेर गेला, चाळीस हातांतून फिरला. त्यांचं वाईट वाटणं खरं आहे. मुख्याध्यापकांवर सोडू नका, त्या मुलीबरोबर संध्याकाळी तुम्हीच घरी जा. आधी त्याबद्दल दिलगिरी म्हणा, मग त्यांनाच विचारा, शाळिग्राम कुठनं येतो? त्या सांगतील, गंडकीतनं, दुसरीकडचा चालत नाही. ताई, भूशास्त्रज्ञ कुठलाही दगड हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हाच विचारतो: कुठला? आजींना तो आधीच माहीत आहे. चक्र कुणी कोरलं, हेही विचारा. वज्रकीट नावाचा किडा शिळा कोरतो, असं परंपरेत सांगतात. दगडात जीवाचा हात आहे, हे जुन्या लोकांनाही दिसलं होतं. मग तुमचं ज्ञान त्यांना सांगा, पूर्ण सांगा, पण आवाज न चढवता. पूजा सोडा असं सुचवायची गरज नाही आणि शास्त्र लपवायचीही नाही. त्या तयार झाल्या तर शाळिग्राम त्यांच्याच हातात राहू दे आणि वर्ग त्यांच्या ओसरीवर न्या.

तीन हजारांचा संच घेऊ नका. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या जीवाश्मांत बनावटगिरी बरीच चालते, ट्रायलोबाइट, म्हणजे कधीच नामशेष झालेले कवचाचे समुद्री जीव, तर सर्रास घडवून विकतात. आणि खरा निघाला तरी तो कुठल्या गावच्या, कुठल्या थरातला हे डबीवर नसेल तर तो मुलांना काय सांगणार? एवढ्या पैशांत प्लास्टर, शाडू, कुंड्या, दोर आणि चार चांगली भिंगं येतील. उरलेल्यात जवळच्या ज्या महाविद्यालयात भूशास्त्र विभाग आहे तिथं एसटीनं मुलांना न्या. नमुन्यांची कपाटं तिथं असतात आणि बघायला कुणी आलं की त्या प्राध्यापकांना आनंदच होतो. आधी पत्र पाठवा.

नदीकाठी खचलेल्या कडेचे थर बघायला न्याल, तर दरडीच्या खाली कुणाला उभं करू नका, लांबूनच दाखवा. आणि कृष्णेत मगरी आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको, पाण्याच्या जवळ मुळीच नको. कुणाला गाळात जुनं, दगडासारखं जड हाड दिसलं तर उपटायचं नाही. शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढायचा, जागा लिहून ठेवायची आणि त्याच भूशास्त्र विभागाला कळवायचं.

वर्गात परत जाल तेव्हा आधी त्या मुलाला विचारा, म्हैस किती खोल पुरली होती, मीठ घातलं होतं का आणि त्यानंतर तिथवर पुराचं पाणी आलं का. तो काय सांगतो ते मला कळवा.